शेवटचे सात किलो

४ सप्टेंबर, गुरुवार

दवाखान्यातली आपियोबाई म्हणाली, "सालोंगो, आजपासून वही ठेवा. तोंडात जे जाईल ते सगळं लिहायचं." मी म्हटलं, बाई, माझ्या तोंडात जातं त्याच्या दसपट तोंडातून बाहेर पडतं, तेही लिहू का? हसली नाही. हेच मी एखाद्या मांडवात बोललो असतो तर अर्धा मांडव आडवा झाला असता.

असो. लिहितो. वजन ब्याण्णव. जानेवारीत एकशे एकवीस होतं, रक्तात साखर, गुडघे कुरकुरत होते. ठरलंय पंच्याऐंशी. म्हणजे सात राहिले, आणि हे सात काही केल्या हलत नाहीत. महिनाभर काटा ब्याण्णववर ठाण मांडून बसलाय.

बाईंनी समजावलं ते असं: जाड माणसाला नुसतं खुर्चीत बसून राहायलाही जास्त लागतं. आता मी बारीक झालो, तर शरीराची गरजही बारीक झाली. ज्या एकवीसशे कॅलरीत जानेवारीत वजन भराभर उतरत होतं, त्याच एकवीसशेत आता ते आहे तिथेच राहतं. म्हणून आता अठराशे. "पण अठराशेच्या खाली जायचं नाही," बोट नाचवत म्हणाली, "आणि अठ्ठ्याऐंशीला पोचलात की हळूहळू वाढवायचं. आठवड्याला शंभर."

वाढवायचं? गाव दिसायला लागल्यावर? मी तसं विचारलं. तर म्हणते, "बोडावाला घर आलं की आधीपासून वेग कमी करतो ना? की भिंतीवर आदळून थांबतो?"

आमच्या नतीते गावातले बोडावाले भाड्याची मोटारसायकल भिंतीवर आदळूनच थांबवतात. पण गप्प बसलो.

७ सप्टेंबर, रविवार

चहा बिनसाखरेचा. उकडलेला कसावा दोन तुकडे. दुपारी मटोके, म्हणजे उकडून कुस्करलेली कच्ची केळी, एक मूठ, डोडोची पालेभाजी, शेंगदाण्याची आमटी दोन चमचे. रात्री अर्धी पपई. हे जेवण आहे की उपासाचं प्रायश्चित्त, देव जाणे.

घरात कोणाला यातलं काही माहीत नाही. का, ते लिहून ठेवतो. मी क्वांजुलात, म्हणजे मुलीच्या घरी होणाऱ्या मागणीच्या समारंभात, मुलीकडून बोलणारा माणूस. मुलाकडची मंडळी नटूनथटून, टोपल्या आणि बोकड घेऊन मुलीच्या दारात येतात. त्यांना आत घेण्याआधी त्यांची यथेच्छ फिरकी घ्यायची, हे माझं काम. पांढराशुभ्र पायघोळ कांझू, वर कोट, आणि पुढे माझं पोट. पोटावर थाप मारून मी म्हणतो, "ह्या घरात मुलगी कधी उपाशी झोपली नाही, पुरावा समोर उभा आहे!" टाळ्या. लोक माझ्या जिभेइतकंच माझ्या पोटालाही बोलावतात. असा माणूस घास मोजून खातो, हे जर काटेरेग्गाला कळलं! तो मुलाकडून बोलतो, जन्माचा वैरी. मसाकापर्यंत प्रत्येक मांडवात माझी सालं काढेल.

म्हणून बायकोला, नालोंगोला, एवढंच सांगितलंय, "पोटाचं आहे. डॉक्टरांनी सांगितलंय तसं चाललंय. जास्त विचारू नकोस." तिने विचारलं नाही. शहाणी बाई आहे. तिला सांगितलं असतं तर तिच्या बहिणीला कळलं असतं, आणि तिच्या बहिणीला कळणं म्हणजे बाजारात दवंडी.

आम्हाला जुळ्या मुली, म्हणून मी सालोंगो आणि ती नालोंगो. आमची खरी नावं आता आम्हीही विसरलोय. धाकटी नकाटो लग्न होऊन म्बाराराला. थोरली बबिर्ये घरी, पण आता फार दिवस नाही. केळीवरच्या रोगांचं शिक्षण घ्यायला तिला हॉलंडमध्ये जागा मिळालीय. दोन वर्षं, सगळा खर्च त्यांचा. नोव्हेंबरअखेरपर्यंत होकार कळवायचा, जानेवारीत विमान. तिचा तो लुटाया थांबायला तयार आहे, भला पोरगा. परत आली की क्वांजुला. मी अख्ख्या नतीत्याला सांगून झालंय. आमच्या कुळात आजवर कोणी विमानात बसलेलं नाही, विमानतळावरही फक्त दुसऱ्यांना सोडायला गेलोय.

१८ सप्टेंबर, गुरुवार

साडेनव्वद! काटा हलला.

आता साधा हिशोब. अठराशेत दोन आठवड्यांत दीड किलो गेला, तर चौदाशेत किती जाईल? चौथीतलं पोरही सांगेल. आपियोबाई शिकलेली आहे, पण शिकलेल्या माणसांना घाई कशी ती नसते. उद्यापासून चौदाशे. तिला सांगायची गरज नाही.

दवाखान्याच्या ओसरीत एकच लांब बाक आहे. डावीकडच्या दारात आपियोबाई, उजवीकडच्या दारात त्या आजाराच्या, म्हणजे एड्सच्या, गोळ्या मिळतात. गुरुवारी दोन्ही दारांची माणसं त्याच एका बाकावर. बाकीचे खाली मान घालून बसतात. मी आपला गप्पा मारतो, चार जणांना हसवलं आज. तेवढ्यात समोरून माझी मेहुणी गेली, नालोंगोची बहीण. मी मोठ्याने हाक मारली. तिने पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं करून तरातरा निघून गेली. आमची शिडी नेलीय चार महिन्यांपूर्वी, ती मागेन म्हणून घाबरली असणार.

येताना टोमॅटोवालीने ढीग पिशवीत टाकला आणि पैसेच घेईना. "असू दे सालोंगो, जीव सांभाळा." बारीक माणसाला एवढा मान मिळतो, हे आधी कळतं तर विशीतच बारीक झालो असतो.

२ ऑक्टोबर, गुरुवार

अठ्ठ्याऐंशी. बाई म्हणाल्या, "बरोबर. आता वाढवायला लागा. ह्या आठवड्यात एकोणीसशे." मी मान डोलावली. मनात म्हटलं, तीन किलोंवर गाव आलंय आणि ही मला वाटेत जेवायला बसवतेय.

"चक्कर येते का?"

"छे!"

सकाळी मोरीत जाताना दाराची चौकट धरून थोडा वेळ उभा राहिलो होतो, पण त्याला चक्कर म्हणत नाहीत. विचार करत होतो.

आरशात चांगलाच दिसतोय. गालाची हाडं वर आलीत, डोळे मोठे वाटतात. तरुणपणचा चेहरा परत आला म्हणायचं.

नालोंगो हल्ली भांडत नाही. एकोणतीस वर्षं ही बाई मला तोंडपाटील म्हणत आलीय. आता मी चप्पल घालून आत आलो तरी एक शब्द नाही. माझ्या सगळ्या विजारी तिने न सांगता शिवून अरुंद करून ठेवल्या. काल जेवताना मान वर केली तर ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मी मिशीवरून हात फिरवला. या वयात! बायकांचं काही कळत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज जगाला काय झालंय कोण जाणे. दुपारी दारात काटेरेग्गा उभा. हातात कोंबडा. आणि चेहरा असा, की कोंबड्याऐवजी कापायला त्यालाच नेताहेत.

बसला. पाणी प्यायला. मग माझं खरं नाव घेऊन म्हणाला, "एरिसा, तुझ्या माझ्यात बरंच झालं. ते एन्तेबेकडच्या लग्नात तुझा आवाज बसलाय, दुसरा माणूस बघा, असं मीच पसरवलं होतं."

मी म्हटलं, "मला तेव्हाच कळलं होतं रे, भामट्या."

"मन हलकं करायचं होतं. राहून जायला नको."

डोळ्यांत पाणी! काटेरेग्गाच्या! मी मोठ्या मनाने माफ केलं, पाठीवर थोपटलं. त्याला आणखीच भरून आलं. जाताना दारात घुटमळला. "एक विचारू? ते बोकडावरचं तुझं कवन, ज्यात बोकड नवऱ्यामुलाला सासरची वाट विचारतो... ते मला देशील? वाया जायला नको."

वाया का जाईल म्हणे? पण वैरी जेव्हा तुमचं कवन मागतो, तेव्हा तुम्ही जिंकलेले असता. सगळं सांगितलं, कुठे थांबायचं तेही. तो पुटपुटत पाठ करत गेला.

या महिन्यात मात्र एकाही मांडवातून बोलावणं नाही. हंगाम मंद दिसतोय.

२६ ऑक्टोबर, रविवार

साडेशहाऐंशी. पण आज वजनाचं मन नाही.

जेवणं झाल्यावर बबिर्ये समोर येऊन गुडघ्यांवर बसली. लहानपणी बसायची तशी. म्हणाली, "ताता, मी हॉलंडला जात नाहीये. लुटायाशी बोलले. डिसेंबरातच क्वांजुला करू या."

माझ्या हातातला पपईचा तुकडा हातातच राहिला. "का? त्या पोराने अडवलं का?"

"नाही, नाही. त्याचं काही नाही. मलाच नाही जायचं."

"अगं, अख्ख्या नतीत्याला सांगून बसलोय मी! वाण्यापासून पाद्र्यापर्यंत!"

"हॉलंड कुठे पळून जातंय, ताता?"

"हॉलंड पळून जात नाही, जागा पळून जाते. वेडी आहेस का?"

ती खाली बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "माझ्या क्वांजुलाला तुम्ही पुढच्या खुर्चीत बसलेले मला बघायचंय. बस्स."

"बसेन की! उभाही राहीन! दोन वर्षांनी खुर्च्या संपणार आहेत का?"

ती उठून चुलीकडे गेली. परत आली तेव्हा डोळे लाल. म्हणे धूर गेला.

मला सगळं दिसतं. प्रेम. त्या लुटायाला सोडून दोन वर्षं राहवेना पोरीला, आणि बापाचं नाव पुढे करतेय. मी खूप चिडलोय, लिहितानाही अक्षर वाकडं येतंय. एवढी हुशार मुलगी, आणि एका दिवे विकणाऱ्या पोरासाठी घरी बसणार. नालोंगोला म्हटलं, तू तरी समजाव. तर ती म्हणते, "तिला करू द्या हो तिच्या मनासारखं. नंतर तिला हळहळ नको." आई आणि मुलगी दोघी एक झाल्या की बापाने काय करायचं? कमी खायचं. आज तेराशे.

९ नोव्हेंबर, रविवार

आमच्या कुळाचं देवक नाकतोडा. आणि नोव्हेंबर म्हणजे नाकतोड्यांचा महिना. अख्खं गाव तळलेले नाकतोडे खातंय, रस्त्यारस्त्यावर वास, आणि आम्ही तोंड फिरवून चालतोय. गुरुवारी आपियोबाई म्हणाल्या, "मूठभर खा रोज, अंगात ताकद येईल." मी म्हटलं, बाई, तुम्ही मला माझे भाऊबंद खायला सांगताय. तेव्हा पहिल्यांदा हसली. मग काट्याकडे पाहून हसू गेलं. "फार भराभर उतरतंय. तुम्ही वाढवलंत ना?"

"वाढवलं की." उपास वाढवले, हे खोटं नाही.

आज कुळातले वडीलधारे काका सेबायिग्गा आणि माझी थोरली बहीण येमिमाताई, दोघं अचानक आले. काका इकडचं तिकडचं बोलले, पाऊस, रताळी. मग खाकरले. "एरिसा, तुझा वारस कोण, हे ठरवलंयस का? म्हणजे, असं लवकर ठरवलेलं बरं असतं."

मी खूष झालो. कुळाच्या बैठकीत मला मानाची जागा द्यायची असणार, त्याआधी ही विचारपूस करतात. पुतण्याचं नाव सांगितलं. काकांनी मान डोलावली. "आणि आजोबांच्या जमिनीत वरच्या अंगाला एक जागा मोकळी आहे. आंब्याखाली. सावली आहे. तुला आवडेल?"

"आवडेल की! आंब्याखाली कोणाला आवडणार नाही?"

येमिमाताई एकदम तोंडावर हात धरून बाहेर गेली. तिला ती जागा हवी असणार. बहिणींना जमिनीचं नाव काढलं की असंच होतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पंच्याऐंशी.

आपियोबाई रजेवर, दुसऱ्याच कोणीतरी नोंद केली. बाहेर आलो. कोणाला सांगावं? उसाच्या गाड्यापाशी थोडा वेळ उभा राहिलो. दहा महिने जो डोंगर चढलो त्याच्या माथ्यावर एकटाच. घरी आलो तर बबिर्ये क्वांजुलाच्या पाहुण्यांची मोजणी करत बसलेली. मला बघून तिने पटकन खुर्ची पुढे ओढली, जसा काही मी मधेच पडणार होतो.

२३ नोव्हेंबर, रविवार

लिहायला हात चालत नाही. तरी लिहितो.

चर्चमध्ये पाद्री आजाऱ्यांसाठी प्रार्थना म्हणत होते. गुडघेदुखीवाली म्हातारी, बोडावरून पडलेला तो पोरगा, आणि मग: "आपला प्रिय भाऊ सालोंगो एरिसा मुगालुला. देवा, त्याला शांत शेवट दे."

मी मागे वळून पाहिलं, की हा दुसरा एरिसा मुगालुला कोण. मागच्या रांगेतल्या बहुतेकांचे डोळे मिटलेले. आणि जे उघडे होते ते माझ्याकडे बघत होते.

घरी येईपर्यंत मी पाद्र्याला शिव्या घालत होतो. "चष्मा बदला म्हणावं त्याला! माझं नाव कसं आलं त्या यादीत?"

नालोंगो थांबली. म्हणाली, "मी दिलं."

मग सगळं निघालं. मेहुणीने मला त्या बाकावर पाहिलं होतं, गुरुवार, गोळ्यांचा दिवस. हाक मारली, हसलो, म्हणजे मला तिथली सवय झालीय, असं तिला वाटलं. मी वाळत गेलो. "विचारू नकोस" म्हणालो. बस्स, गावाला आणखी काय लागतं? मांडवातली बोलावणी का थांबली, टोमॅटो फुकट का, काटेरेग्गा का रडला, आंब्याखालची ती जागा कसली! आणि मी म्हटलं, आवडेल की!

बबिर्ये दारात उभी होती. मी तिला म्हटलं, "पोरी, मला काहीही झालेलं नाही! मी वजन कमी करत होतो. मुद्दाम. स्वतःहून."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की माझंच मला खोटं वाटायला लागलं.

"ताता," ती म्हणाली, "आमच्यापासून लपवू नका आता. मुद्दाम कोण असं करतं?"

"शहरातल्या बायका करतात!"

"तुम्ही शहरातली बाई आहात का?"

येमिमाताई तिथेच होती. "रडू नकोस गं," तिला म्हणते. "शेवटी शेवटी माणसं असंच म्हणतात. नवऱ्याने माझ्या असंच म्हटलं होतं, मी मुद्दाम कमी खातोय. तीन आठवड्यांत गेला."

शुक्रवारी बबिर्येने उत्तर कळवायचंय. नकार लिहून तयार आहे तिच्याकडे. माझ्यासाठी. माझ्या मरणासाठी, जे मी मरतच नाहीये. मांडवात शंभर माणसांना पटवणारा मी, स्वतःच्या घरात चार माणसांना मी जिवंत आहे हे पटवू शकलो नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

बबिर्येला हात धरून दवाखान्यात नेलं. ती वाटेत माझा दंड धरून चालत होती. बाकावर बसलो, सगळे खाली मान घालून, मीही आज खाली मान घालून.

आपियोबाई परत आल्या होत्या. मी दारातूनच म्हटलं, "बाई, हिला सगळं सांगा. मी सांगा म्हणतोय. काहीही ठेवू नका."

बाईंनी माझा तक्ता उघडला. मला वर उभं केलं. साडेचौऱ्याऐंशी. मग बबिर्येकडे वळल्या. "तुमच्या वडिलांना कुठलाही आजार नाही. साखरही उतरली. त्यांना फक्त अक्कल नाही."

"म्हणजे?"

"मी दोन महिन्यांपूर्वी सांगितलं, जवळ आलात, आता खाणं वाढवा. यांनी कमी केलं. किती केलं हो? खरं सांगा."

"चौदाशे," मी म्हटलं. "मधे तेराशे."

"अरे देवा!" बाई उठूनच उभ्या राहिल्या. "म्हणून गालफडं अशी! शरीराने चरबीबरोबर मांसही खाल्लंय तुमचं! आता जिथे पोचलात तिथे राहायला तुम्हाला दिवसाला एकवीसशे तरी लागतात. एकदम नाही, हळूहळू चढवत न्यायचं. कळलं? की हेही घरी जाऊन निम्मं करणार?"

टॅक्सीत बसलो. पुढच्या बाकावरची बाई मला बघून सरकली, जागा करून दिली. मी म्हटलं, "पोरी, बोल काहीतरी. शिव्या दे."

तिने खिडकीबाहेर बघत म्हटलं, "मी तुमच्यासाठी कांझूचं कापड घेऊन ठेवलं होतं. पांढरं." मग थोड्या वेळाने, "क्वांजुलासाठी नाही."

नतीते आलं तेव्हा मी तसाच बसून होतो. तिने उतरवलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

बबिर्येने हॉलंडला होकार कळवला. लुटाया फोनवर इतका हसला की मला ऐकू येत होतं. क्वांजुला दोन वर्षांनी.

मटोके भरपूर, शेंगदाण्याची आमटी, एक अंडं. सोळाशे.

३० नोव्हेंबर, रविवार

मला एकच गोष्ट सलत होती. नालोंगो ओसरीत नकाटी नावाची पालेभाजी निवडत होती. शेजारी बसलो.

"तुला खरंच वाटलं मला तो आजार आहे? म्हणजे मी... बाहेर कुठे..."

"वाटलं."

"मग एकदाही विचारलं नाहीस? तीन महिने?"

"तुम्हीच म्हणालात विचारू नकोस."

"तू माझं म्हणणं कधीपासून ऐकायला लागलीस?"

तिने काडी मोडली. "विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतंत, ही भीती होती." मग म्हणाली, "मी जाऊन माझी तपासणी करून आले, दोनदा. मला काही नव्हतं. तरी म्हटलं, असू दे. एकोणतीस वर्षं. घरात मरतोय माणूस, त्याच्याशी काय भांडायचं? सप्टेंबरातच माफ केलं होतं मी तुम्हाला."

मला वाटलं होतं मी रागवेन. मीच चुकीच्या संशयात सापडलेला निरपराध माणूस! पण मी तिच्या पुढ्यातली अर्धी भाजी ओढून घेतली आणि निवडायला लागलो.

"आता ती माफी काय करू?" ती म्हणाली. "केलेलंच नाही तुम्ही काही. वाया गेली."

"ठेव जपून," मी म्हटलं. "एवढ्या गोष्टी केल्यात, एखादीला लाव."

तेव्हा ती हसली, आणि मग बराच वेळ रडली, आणि मला तोंडपाटील म्हणाली.

४ जानेवारी, रविवार

आज बबिर्येला निरोप द्यायला घरी प्रार्थना आणि जेवण. उद्या विमान. अंगणात छत घातलं, अख्खं नतीते आलं. माझं वजन पंच्याऐंशीच, एकवीसशेवर टिकलंय, आपियोबाई खूष. पण गाल अजून भरलेले नाहीत. ते म्हणे सगळ्यात शेवटी भरतात.

गेले पाच आठवडे मी भेटेल त्याला खरं सांगत सुटलोय. लोक मान डोलावतात आणि माझ्या हातात रताळी ठेवतात.

प्रार्थना झाली आणि येमिमाताई उठली. मला वाटलं आशीर्वाद देणार. कंबरेचा पट्टा आवळून म्हणाली, "मी बोलणार. कोणाला राग आला तर येऊ दे. आमच्या काळी मुली बापाच्या उशाशी बसायच्या. आता बाप असा वाळून कोळ झालाय, आणि मुलगी समुद्रापार केळी बघायला निघालीय! केळी इथे नव्हती?"

बायका मातीत बघत होत्या. मेहुणीने मान डोलावली. बबिर्ये नव्या गोमेसीत, त्या पायघोळ सणाच्या झग्यात, ताठ उभी होती, ओठ घट्ट मिटून, आणि मला दिसलं की ती हे सगळं मुकाट्याने बरोबर घेऊन जाणार आहे.

मी उठलो. कितीतरी मांडवांत दुसऱ्यांच्या मुलींसाठी बोललोय. म्हटलं, आज आपल्या मुलीसाठी.

"मंडळी, मला कोणताही आजार नाही! मी दहा महिने चोरून भूक मारली. का? तर गुडघे दुखत होते, आणि तुम्ही हसाल म्हणून तुम्हाला सांगितलं नाही. बाईंनी सांगितलं जवळ आलास, आता जास्त खा. मी गाढव, कमी खाल्लं. मी बाकावर बसत होतो तो डावीकडच्या दारासाठी! माझी मुलगी मला टाकून जात नाहीये. ती माझ्या मूर्खपणापायी जवळजवळ राहिली होती, तिला मी ढकलून पाठवतोय. बोल लावायचा तर मला लावा. हसायचं असेल तर पोटभर हसा!"

मग मागून कोणीतरी हुंदका दिला. काटेरेग्गा उभा राहिला, डोळे पुसत, टाळ्या वाजवायला लागला. "बघा! बघा ह्याला! शेवटपर्यंत हसवतोय!" आणि अंगण टाळ्यांनी दणाणलं. बायका रडत होत्या, रडता रडता हसत होत्या. येमिमाताई येऊन माझ्या गळ्यात पडली, "माझा भाऊ! जाताना पोरीला दोष लागू नये म्हणून काय काय बोललास रे!" पाद्रींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात खरं भाषण, आणि एकाही माणसाने विश्वास ठेवला नाही.

मी बबिर्येकडे बघितलं. ती तोंडावर हात ठेवून गदागदा हसत होती. आज दिवसभरात पहिल्यांदा.

गर्दीतून वाट काढत ती आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "जाऊ दे, ताता. बोलून पटणारच नाही यांना. मी परत येईन तेव्हा तुम्ही दारात असाल, तेव्हाच पटेल. दोन वर्षं तेवढं करा."

"काय करू?"

"जिवंत राहा."

करतो, म्हटलं. नालोंगो पान घेऊन उभी होती, मी जेवायला बसलो.